शिशाचा राक्षस मोडीत घालण्यापूर्वी

दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आपण सारेच ओळखतो. त्याचा हात तुटला तर पुढल्या वर्षी बाजारातून दुसरा येतो. जुन्याची किंमत कोणी विचारीत नाही. परंतु विलायतेत आणि अमेरिकेत अंगठ्याएवढ्या पुतळ्यांची एक जात अशी आहे, की तिच्यातल्या एखाद्या राक्षसासाठी हौशी लोक भरपूर पैसे मोजतात, आणि त्याच्याच शेजारचा, दिसायला तितकाच भयंकर असलेला दुसरा राक्षस चहाच्या पैशांतही कोणी घेत नाही.

हा प्रकार काय आहे? शिशाच्या शिपायांची लढाई हा तिकडचा जुना छंद. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली त्यावर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहिले. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि शिपायांच्या जागी जादूगार, बुटके, ड्रॅगन आले. अमेरिकेत राल पार्था व ग्रेनेडियर, तर इंग्लंडात सिटाडेल, अशा कारखान्यांनी या पुतळ्या ओतल्या. १९८३ साली इंग्लंडात 'वॉरहॅमर' निघाला आणि पुतळ्यांच्या फौजाच उभ्या राहिल्या.

त्या काळी खेळणारी पोरे आज साठीच्या आसपास आली आहेत. काही वारलीही. मागे उरतो माळ्यावरचा खोका, आणि तो उघडणारी पत्नी किंवा मुलगी. तिला त्यात फक्त रंग उडालेले शिसे दिसते. ते वजनावर मोडीत जाते, किंवा पहिल्याच चतुर गिऱ्हाइकाच्या पिशवीत. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरीही असा खोका निघू शकेल. म्हणून ही माहिती.

पहिली गोष्ट, पुतळी उलटी करा. नाव तोंडावर नसते, पायाखाली असते. साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या सिटाडेलच्या पुतळ्यांची बैठक मूर्तीबरोबरच ओतलेली असे. पुढे पायाखाली धातूची पट्टी आली आणि ती प्लॅस्टिकच्या बैठकीच्या खाचेत बसू लागली. त्या पट्टीवर बहुधा कारखान्याचे नाव, कधी पुतळीचे नाव आणि साल असते. मात्र ते साल नमुना घडवल्याचे. त्याच नमुन्यावरून पुढे कित्येक वर्षे पुतळ्या ओतल्या जात. नुसत्या सालावरून वय ठरवू नये.

दुसरी गोष्ट, धातू. शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली तसे १९९० च्या दशकात कारखान्यांनी शिसे सोडून कथीलप्रधान मिश्रधातू धरला. पुतळीचा तळ कागदावर हलकेच ओढा. शिसे पुष्कळ असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. मग हात स्वच्छ धुवा, आणि खोका मुलांपासून दूर ठेवा. अंगावर पांढुरकी भुकटी दिसली तर ते शिशाचे कुजणे होय. ओक लाकडाच्या कपाटातून किंवा पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते होते. अशी पुतळी वेगळी काढा, भुकटी फुंकू नका, आणि गिऱ्हाइकापासून लपवू नका.

तिसरी गोष्ट, नक्कल. अस्सल पुतळीवरूनच साचा घेऊन दुसरी ओतणारे महाभाग आहेत. पण धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल केसभर लहान निघते. चेहरा बोथट, अंगावर बारीक खड्डे, शिवण जाड. खात्रीची पुतळी शेजारी ठेवून भिंगातून पाहिले की फरक कळतो.

चौथी गोष्ट, पूर्णता. ढाल, भाला, घोडा, ड्रॅगनचा पंख असे सुटे भाग खोक्याच्या तळाशी पडलेले असतात. ते कचरा समजून झाडू नका. मूळ डबी, आतला कागद, न फोडलेले वेष्टन यांचे मोल वेगळे मिळते. १९८९ सालच्या 'हीरोक्वेस्ट'चेच पाहा. त्यातल्या प्लॅस्टिकच्या पुतळ्या इतक्या निघाल्या, की सुट्या फारशा मोलाच्या नाहीत. पण सर्व सामानासह पेटी असली तर गोष्ट निराळी. जुने म्हणजे महाग, असे नव्हे. कमी निघालेले आणि आजही कोणाला तरी हवे असलेले, ते महाग.

आणि एक कळकळीची विनंती. मोल कळेपर्यंत काहीही सुधारू नका. आपल्याकडे पितळेचे भांडे चिंचेने घासले की चकाकते. पण येथे तोच हात घात करतो. रंग खरवडणे, तुटलेला हात चिकटवणे, नवा रंग देणे, हे काही करू नये. वाईट रंग गिऱ्हाईक आपल्या पद्धतीने काढील, आणि चांगल्या हाताने दिलेला रंग हीच कधी खरी किंमत असते.

आता भाव. जुने कॅटलॉग आणि १९७७ पासून निघणाऱ्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाच्या जुन्या अंकांतील जाहिराती हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतील चित्रांशी पुतळी ताडून पाहा. नाव कळले की ईबेसारख्या बाजारात भाव पाहा, पण तो मागितलेला नव्हे, प्रत्यक्ष विकला गेलेला. मागणारा काय वाटेल ते मागतो. दुर्मिळ पुतळ्या एकेकट्या विका, सामान्य पुतळ्या गठ्ठ्याने. पुढून, मागून आणि तळाकडून छायाचित्रे द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, मोडतोड स्पष्ट लिहा.

या खटपटीला दोन-चार संध्याकाळी जातील. सारा खोका सामान्य निघाला, तरी त्या वाया गेल्या असे मानू नये. गेलेल्या माणसाने कोणत्या जादूगाराला सर्वांत जपून रंगवले होते, हे तेवढ्यात घरच्यांना कळते. तो एक मात्र विकू नये.