दोन सुया, एक गुंडा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा व्यवसायापलीकडचे काही लिहावयास सांगितले. आपल्या सभासदांपैकी कुणी गातात, कुणी नाटकांत रंगतात, कुणी दरवर्षी हिमालयात पदभ्रमणास जातात. मी स्वेटर विणतो. हे वाक्य पुरुषाने उच्चारले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर स्मित उमटते. त्याची मला आता साठेक वर्षांची सवय आहे.

सन 1966. मी अकरा वर्षांचा होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे एकत्र कुटुंब राहत असे. त्या हिवाळ्यात माझे गुडघे, मग घोटे, मग मनगटे आळीपाळीने सुजली आणि संधिवाताच्या तापाचे निदान झाले. हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. मला ते विद्यार्थी होण्यापूर्वीच लागू पडले. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन, आणि त्या काळच्या रिवाजानुसार संपूर्ण विश्रांती. आज इतकी दीर्घ विश्रांती सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा मात्र खाटेवरून पाय खाली ठेवण्याचीही बंदी होती. अकरा वर्षांच्या मुलाला चार महिने झोपवून कसे ठेवावे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते.

तो प्रश्न माझ्या आत्याने सोडवला. विशीत वैधव्य येऊन ती माहेरी परतली होती. ‘‘पाय पळवायचे नाहीत म्हणालेत ना डॉक्टर? हातांचं कुठे काय म्हणालेत!’’ असे म्हणून तिने दहा नंबरच्या दोन सुया माझ्या हाती दिल्या. आजोबांना ते मुळीच रुचले नाही. मुलाच्या जातीला हे शोभते का, असे त्यांनी दारातूनच विचारले. आत्या मान वर न करता म्हणाली, ‘‘दादा, दवाखान्यात टाके घालतात ते सगळे पुरुषच असतात की!’’ आजोबा परत गेले. त्या घरात तिने त्यांना दिलेले दुसरे उत्तर मला आठवत नाही.

(जाता जाता सांगतो. युरोपातील जुन्या विणकर-संघांत पुरुषांचाच भरणा असे, आणि पेरू देशातील टिटिकाका सरोवरामधल्या टाकिले बेटावर आजही टोप्या पुरुषच विणतात. आजोबांना हे सांगण्याइतके ज्ञान तेव्हा कुणाजवळ नव्हते.)

विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. एक सुलट, एक उलट असे आलटून-पालटून घातले की काठाला लागणारी ताणली जाणारी पट्टी तयार होते. एका ओळीत सगळे सुलट व परतीच्या ओळीत सगळे उलट घातले की गुळगुळीत अंग. बाकी साऱ्या वेण्या, जाळ्या आणि साबुदाणे यांच्याच जुळण्या. आत्याजवळ नमुन्यांचे पुस्तक नव्हते. ग्वाल्हेरच्या मेळ्यात फिरताना ती एखाद्या अनोळखी बाईच्या मागे दहा-बारा पावले निमूट चालत जाई आणि घरी येऊन त्या पाठीवरची वीण जशीच्या तशी उतरवी. नवी लोकर क्वचितच येई. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा, वळ्या पडलेल्या लोकरीच्या लड्या बांधून धुवायच्या, खाली वजन टांगून वाळवायच्या, की धागा पुन्हा सरळ. माझे दोन्ही हात पुढे धरवून ती त्यांवर लडी चढवी आणि गुंडा वळी. त्या घरातील एकही माणूस तिच्या हातच्या लोकरीवाचून थंडीत बाहेर पडत नसे. तिच्या नावावर घरात तेवढेच होते. हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

मी बरा झालो. हृदयाच्या झडपेची किंचित कुरकूर तेवढी उरली, ती अजून आहे. 1973 साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. मित्रांनी यथेच्छ टिंगल केली, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांपैकी तिघांनी माझ्याकडून मफलर विणून घेतले. पुढे विवाह झाला. पत्नी पुण्याची, तिला सुई धरता येत नव्हती, आणि सासरी आल्यावर नवऱ्यानेच पहिला स्वेटर विणून दिला हे तिने माहेरी कित्येक वर्षे सांगितले नाही.

बालरोगतज्ज्ञ झाल्यावर हा छंद कामी आला. नवजात बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि उघड्या डोक्यावाटे पुष्कळ उष्णता निघून जाते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत दीड किलोच्या बाळाला हे परवडत नाही. मऊ, बिननाडीच्या टोप्या आत्या आणि मी रात्री विणत असू. एक टोपी एका बैठकीत होते.

साधारण 2003 पासून आत्या विसरू लागली. आधी नावे, मग वार, मग मी कोण ते. अल्झायमरचा आजार. मला ती ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू लागली, तेही अदबीने. पण हाती सुया दिल्या की हात चालत. याचे कारण आपण सारे जाणतो. 1953 साली हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस शस्त्रक्रियेत बव्हंशी काढले गेले. त्यानंतर ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, मात्र आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला एकदाही आठवले नाही. हातांची स्मृती निराळ्या ठिकाणी राहते. पुस्तकात वाचलेले हे सत्य मी माझ्याच ओसरीत रोज पाहत होतो.

मात्र मुंढा काढण्यासाठी टाके मोजावे लागतात, ते तिला जमेना. त्यामुळे ती नुसती सरळ पट्टी विणत राही. लोकर संपली की मी नवा गुंडा जोडून देई. मी सुचवले की रात्री पट्टी उसवून तीच लोकर सकाळी द्यावी. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी उसवलं. आता त्यांचं कुणी उसवायचं नाही.’’ मी पुन्हा तो विषय काढला नाही.

2010 च्या सुमारास ती सुया तोंडात घालू लागली, तेव्हा त्या काढून घ्याव्या लागल्या. ती 2011 साली गेली.

ती पट्टी माझ्याजवळ आहे. परवा मोजली, सव्वाचार मीटर भरली. सुरुवातीला चाळीस टाके, काठ नेमका. मीटरभर पुढे सुलट-उलट यांची अदलाबदल दिसू लागते, मग निसटलेल्या टाक्यांची भोके, मग नकळत वाढलेले टाके. शेवटच्या वीतभरात रुंदी एकसष्ट टाक्यांवर गेली आहे. इतक्या प्रामाणिकपणे भरलेला केसपेपर मी उभ्या व्यवसायात पाहिलेला नाही. शेवटची ओळ तिने अर्धीच विणली होती. टाके मी बंद केलेले नाहीत, जाड दोऱ्यात ओवून ठेवले आहेत.