‘गाभ्रीचा पाऊस’ पुन्हा पाहताना

‘गाभ्रीचा’ ही शिवी चांदूर बाजारच्या माणसाला समजावून सांगायला नको. पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली, की कोरडवाहू कपाशीवाला आभाळाकडे पाहून हीच शिवी हासडतो. सतीश मनवर यांनी तीच नावात घेऊन २००९ साली वऱ्हाडी बोलीतला ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट काढला.

गोष्ट साधी आहे. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. अलकाच्या मनात भीती शिरते : आपल्या किस्नाच्या मनात तर असं काही नसेल? मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागं मागं धाडते, सासूही नजर ठेवते, तंगीच्या दिवसांत पुरणाच्या पोळ्या होतात. किस्नाच्या डोक्यात पेरणी आणि पाणी. त्याला कळेना, हे चाललंय काय! गिरीश कुलकर्णी किस्ना झाले आहेत, सोनाली कुलकर्णी अलका, ज्योती सुभाष आई.

पहिल्या वेळी त्याचा गोंधळ पाहून मी पोट धरून हसलो. याला काळा विनोद म्हणतात. त्यात दुःखाची टिंगल नसते. एकाला भीती वाटते, दुसऱ्याला तिचा पत्ताच नसतो. त्यातून हसू फुटतं. प्रसंग मात्र जिवावरचा असतो.

परवा, इतक्या वर्षांनी, तो पुन्हा पाहिला. हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. या खेपेला नजर किस्नावरून अलकाकडे गेली. तेव्हा वेडेपणा वाटला, तो तिचा जागता पहारा होता. आणि एवढ्याशा दिनूवर केवढं ओझं!

आपणही असेच गप्प राहतो. विचारलं तर नको तो विचार डोक्यात येईल, असं वाटतं. जाणकार डॉक्टर सांगतात, तसं होत नाही. आपुलकीनं विचारलं तर माणूस मोकळा होतो. म्हणून, “काऊन बावा, असा गुमसुम काऊन बसला?” एवढं तरी विचारावं, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहून ठेवावा. तिथं रात्रीबेरात्री फुकट बोलता येतं, मराठीतही.

गुरुजींना एकच विनंती. वर्गात एखादं पोरगं हरवल्यासारखं बसलं, तर छडीआधी त्याच्या घरची चौकशी करा. तो कदाचित आपल्या गावचा दिनू असेल.