रोजचे 40 रुपये कुठे जातात?

गुटखा, सिगारेट, टपरीवरचा जादा चहा यांवर रोज 40 रुपये गेले तरी आपल्याला जाणवत नाहीत. वर्षाचा हिशेब मात्र 14,600 रुपये होतो! मग मुलांच्या फीसाठी आपण सावकारापुढे हात पसरतो.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखीव. आपल्याकडे हा चौथा भागच उरत नाही. म्हणून तो पगाराच्या दिवशीच बाजूला काढू.

पोस्टात महिना 100 रुपयांपासून आरडी सुरू करता येते. दरमहा 1,200 भरले तर पाच वर्षांत व्याज सोडूनच 72,000 रुपये जमतात. एवढ्यात मुलांची फी कर्जाविना भरता येते. जय भीम!