रिकाम्या पोटी बेरेखात उतरू नका



गेल्या तम्मुझ महिन्यातली गोष्ट. आमच्या मतनासच्या बेरेखात आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसातला ज्येष्ठांसाठी पाण्यातला व्यायाम असतो. पाण्यात हात-पाय हलवणं म्हणजे पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन पाहावं. पाऊण तासात घोटे, गुडघे, खांदे सगळे बोलू लागतात. त्या दिवशी अर्धा तास झाला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या मावशींनी दंडाला धरून काठावर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि?"

आणि काही नाही. मी स्वतः अखोत म्हणून निवृत्त झालेली. लोकांना शहाणपण शिकवण्यात आयुष्य गेलं. पण मीही तेच करत होते जे आपल्यापैकी पुष्कळ जण करतात. काठावर फरशीवर पडले असते, तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागला नसता. या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेलच असं नाही.

असं का होतं ते सांगते. आपलं यकृत साखरेचा थोडा साठा करून ठेवतं, साधारण ८० ते १०० ग्रॅम. संध्याकाळी सातला जेवलो आणि सकाळी साडेसातला पाण्यात उतरलो, तर मध्ये साडेबारा तास गेले. रात्रभर मेंदू आणि बाकीचं शरीर त्याच साठ्यावर चाललेलं असतं. सकाळी साठा तळाला गेलेला, त्यात जोराचा व्यायाम. वर रक्तदाबाची गोळी आणि अपुरं पाणी. मग चक्कर येणारच.

म्हणून व्यायामाच्या अर्धा ते एक तास आधी थोडं, पचायला हलकं आणि पिष्ट किंवा गोड असं पोटात जावं. एक केळं, किंवा मधाचं बोट लावलेला पावाचा तुकडा. मला विचाराल तर आपल्या मलिद्याच्या जिनसा सर्वांत सोयीच्या. भिजवलेले पोहे मूठभर, एक खजूर, केळ्याच्या चार चकत्या. खोबरं मात्र चवीपुरतंच. त्यातल्या स्निग्धामुळे पोट लवकर रिकामं होत नाही आणि पाण्यात जड वाटतं. शुकात मिळणाऱ्या एका मोठ्या मेजूल खजुरात १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, तेव्हा एक पुरे.

उलट टोकही नको. भरपेट जेवून लगेच व्यायामाला गेलात तर रक्त पोटाकडे वळतं. उतारवयात जेवणानंतर रक्तदाब खाली येण्याचा त्रास पुष्कळांना असतो. पूर्ण जेवण आणि व्यायाम यांत दोन-तीन तास असू द्या.

मधुमेहवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. इन्सुलिन घेत असाल, किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर व्यायामाआधी बोट टोचून साखर पाहा. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅम साखरेइतकं काही घ्या, म्हणजे अर्धा पेला फळांचा रस किंवा चार सपाट छोटे चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आपली गोळी कोणत्या प्रकारची हे ठाऊक नसेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्याला नको, त्याची गोळी वेगळी असते.

पाण्याचं म्हणाल तर वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. शिवाय बेरेखात घाम येतो तो दिसतच नाही. व्यायामाआधी एक पेला, मध्ये दोन घोट, नंतर एक पेला प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच माप खरं.

आता नंतरचं खाणं. इथे आपण सर्वांत जास्त चुकतो. साठीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात. व्यायामाने ते टिकतात, पण नुसत्या व्यायामाने नाही, त्यांना प्रथिनं लागतात. आपल्या वयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. मी माझा दिवस वहीत मांडला. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी वरण-भात-भाजी, चारला बिस्किटं, रात्री दोन चपात्या आणि भाजी. बेरीज जेमतेम ३० आली! पोट रोज भरत होतं, पण स्नायू उपाशी होते.

त्यात भर घालणं अवघड नाही. व्यायामाहून आल्यावर दोन उकडलेली अंडी खाल्ली तर १२ ग्रॅम. दुपारी नारळाच्या रसातला मासा, १०० ग्रॅमचा तुकडा, तर सुमारे २०. रात्री कोतेजचा अर्धा डबा, १४. झाले ७५ च्या वर. सगळं रात्रीच्या एका ताटात कोंबू नका. तीन वेळा वाटून घेतलं तर स्नायूंना जास्त उपयोग. दुपारी मटण झालं असेल आणि तुम्ही सहा तास पाळत असाल, तर संध्याकाळी कोतेजच्या जागी अंडं, सार्डिन किंवा उकडलेले हरभरे घ्या. पावडरीच्या महागड्या डब्यांवर पेन्शन घालवायचं कारण नाही. मूत्रपिंड अधू असेल त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी दिएतानितला भेटलंच पाहिजे.

"आम्हाला वजन उतरवायचंय, म्हणून उपाशी जातो," असं आमच्या गटातले एक काका म्हणतात. काका, उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि खुर्चीतून उठायला लागतो तो स्नायू. कोकणात घाणा चालवणारे आपले शनवार तेली पूर्वज व्यायामाला जात नव्हते, त्यांचं कामच व्यायाम होतं. पण उपाशीपोटी ते बैलालाही घाण्याला जुंपत नसतील!

उपासाबद्दल थोडं. बिरड्याचा सण ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी वर्ग चुकवा, आणि अशक्त वाटत असेल तर दुसऱ्या दिवशीही. मधुमेहवाल्यांनी उपास धरायचा की नाही हे आधीच डॉक्टरांना आणि रब्बींना विचारून ठेवावं. उपास सोडताना आधी दोन पेले पाणी सावकाश प्या, मग भात आणि वालाचं बिरडं. मी यंदा वाल दोन दिवस आधीच भिजत घालणार आहे, कारण मागच्या वर्षी मोड नीट आले नव्हते.