जुन्या पिकअपचे इंजिन बदलावे की नाही?



माल तोडून झालेला, क्रेट भरलेले, बाजार गाठायचा, आणि नेमकी चढावर गाडी मान टाकते. मागे पांढरा नाहीतर निळा धूर. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "इंजिन गेलं, बदलूनच टाका." अशा वेळी बरेच जण घाईने हो म्हणतात. पीककर्जाचे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्यात जातात. कार्यक्रमाच्या श्रोत्यांकडून याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून ही माहिती छापून देत आहोत.

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो. नुसते वशिंड बघून कोणी दावे सोडत नाही. गाडीचेही तसेच आहे. प्रश्न इंजिनाचा नसतो, सबंध गाडीचा असतो. नवे काळीज घातले तरी हाडे कुजलेली असतील तर गाडी किती दिवस चालणार?

पहिली गोष्ट : इंजिन खरोखरच गेले आहे का?

धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नोझल बिघडले असेल, पंपाची सेटिंग हलली असेल किंवा गाडीत बेसुमार माल भरला असेल. यातले कुठलेच कारण इंजिन बदलण्याचे नाही. थंडीच्या सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आला तर घाबरू नका. मात्र इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होते, तर हेड गॅस्केट किंवा हेड तपासून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथे रिंगा, पिस्टन, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा.

ऑइल मोजायची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अशी गाडी एक मैलसुद्धा चालवू नका. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करा. तिथून धुराचे लोट जोराने बाहेर येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. खालून जड 'ठक ठक' आवाज येतो आणि ऑइलचा दाबही उतरतो, तर क्रँकची बेअरिंगे गेली असण्याचा संभव आहे.

त्यानंतर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. सगळे आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील तर दुखणे दुसरीकडे आहे. एकच आकडा फार खाली असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता किंवा तिथल्या व्हॉल्व्ह-गॅस्केटपुरता असू शकतो. आमच्या भागातल्या एका टोमॅटो बागायतदाराला इंजिन बदलायला सांगितले होते. त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीकडून तपासणी करून घेतली, तेव्हा दोन नोझल आणि धुळीने गच्च भरलेला फिल्टर एवढाच दोष निघाला. दोन मिस्त्र्यांना विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे.

दुसरी गोष्ट : बाकीची गाडी कशी आहे?

गाडी धुऊन घ्या आणि खाली शिरून बघा. चासीला, विशेषतः मागचे पाटे जिथे बसतात तिथे, तडा किंवा जुनी वेल्डिंग आहे का? हातोडीने हलके ठोका. निकोप पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो. खत वाहणाऱ्या गाडीचा हौदा आणि चासी लवकर गंजते, हे ध्यानात ठेवा. गिअर सुटतात का, मागच्या क्राउनचा आवाज येतो का, स्टिअरिंगला किती ढील आहे, ब्रेक व टायर कसे आहेत, हे सगळे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे अंदाजे खर्च मांडा.

चासीच गेली असेल तर पुढचा विचार करू नका. तिथे इंजिन घालणे म्हणजे पडक्या घराला सागवानी दार बसवणे होय.

तिसरी गोष्ट : हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. तिथे तुमचे आकडे घाला.

समजा, बाजाराच्या एका खेपेला भाड्याची गाडी 2,500 रुपये घेते. स्वतःच्या गाडीने डिझेल व किरकोळ खर्च 1,400 रुपये होतो. म्हणजे खेपेमागे 1,100 रुपये वाचतात. वर्षाला 60 खेपा झाल्या तर 66,000 रुपये वाचले. विमा, कर, फिटनेस, टायर व देखभाल मिळून वर्षाचे 40,000 रुपये वजा करा. हाती उरले 26,000. इंजिनाच्या कामाला 70,000 रुपये लागले, तर ते फिटायला पावणेतीन वर्षे लागतील. गाडी अजून पाच वर्षे टिकणार असेल तर काम करावे. दोनच वर्षांचा भरवसा असेल तर करू नये.

आता हीच गाडी वर्षाला 30 खेपाच करते असे धरा. वाचले 33,000, खर्च 40,000. म्हणजे इंजिन फुकट मिळाले तरी वर्षाला 7,000 रुपये तोटा! अशा शेतकऱ्याने दोघा-तिघांत मिळून भाड्याची गाडी ठरवावी, हेच शहाणपणाचे. दारात गाडी उभी असणे हा मान आहे खरा, पण त्या मानाची किंमत किती ते एकदा कागदावर पाहावे.

बांधून घ्यावे की बदलावे?

झीज फक्त रिंगा, पिस्टन, लायनर, बेअरिंगे इथपर्यंत असेल तर आहे तेच इंजिन बांधून घेणे बहुधा बरे. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, शिवाय कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. ब्लॉक फुटला असेल, क्रँक आणखी घासण्याजोगा राहिला नसेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तरच इंजिन बदलण्याचा विचार करावा.

बदलायचेच झाले तर त्याच मॉडेलचे, त्याच जातीचे इंजिन घ्या. दुसऱ्या जातीच्या इंजिनाला माउंटिंग, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटर, वायरिंग सगळे बदलावे लागते. अलीकडच्या इंजिनांत डिझेल सोडण्याचे काम संगणकाच्या पेटीवर चालते. ती पेटी आणि तिचे सेन्सर नसतील तर असे इंजिन जुन्या गाडीत चालूच होणार नाही.

जुने इंजिन घेताना ते चालू करून दाखवायला सांगा. त्याचा नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला नाही ना, हे नीट पाहा. ज्या गाडीतून ते उतरवले तिचे कागद आणि पक्की पावती घ्या. कागद नसलेले स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस ठाण्याच्या खेपा नशिबी येतात.

कागदपत्रांचे काय?

आर.सी. बुकात चासी नंबरबरोबर इंजिन नंबरही असतो. म्हणून जुने इंजिन उतरवण्यापूर्वीच आर.टी.ओ. कार्यालयात जा, परवानगी व लागणारे कागद विचारून घ्या. काम झाल्यावर नवा नंबर नोंदवून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नंबर जुळला नाही तर फिटनेस अडतो आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडकू शकतो.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून बरेच वाढले. तेव्हा तुमच्या गाडीच्या वयाला आज किती शुल्क पडते ते विचारा आणि वरच्या हिशेबात धरा. गाडी मोडीतच काढायची ठरली तर ती नोंदणीकृत केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी भंगारात आणि नाव तुमचे, अशी गत होईल.

शेवटच्या चार सूचना

1. हंगाम डोक्यावर असताना इंजिन उतरवू नका. आठ दिवसांचे काम महिन्यावर जाते. तोवर भाड्याची गाडी लावा आणि डोके थंड ठेवून ठरवा.

2. पीककर्जाचा पैसा इंजिनात घालू नका. ते कर्ज पिकासाठी आहे. बियाणे-खताला पैसा उरला नाही तर दुरुस्त झालेल्या गाडीत भरायचे काय?

3. मिस्त्रीकडून कामाची यादी, भागांच्या किमती, मजुरी आणि हमी लेखी घ्या. बदललेले जुने भाग परत मागा.

4. बांधलेल्या इंजिनावर सुरुवातीला पूर्ण भार टाकू नका. मिस्त्री सांगेल त्या अंतरावर पहिले ऑइल व फिल्टर बदला.

आज संध्याकाळी घरच्यांना घेऊन बसा. वहीच्या एका पानावर खेपा, बचत, खर्च आणि गाडीची राहिलेली वर्षे लिहा. घरातल्या बाईमाणसांनाही विचारा, कारण पैसा सगळ्यांचा आहे. एवढे झाल्यावर जे उत्तर निघेल ते मिस्त्रीच्या नव्हे, तुमच्या हिशेबाचे असेल. ही पत्रिका गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या.