काळ्या दगडाच्या पोटात

बालाघाटच्या डोंगरावर वसलेले तुळजापूर तुळजाभवानीमुळे सर्वांना परिचित आहे. सोलापूरकडून घाट चढून येणाऱ्या यात्रेकरूला देवीच्या दर्शनाची ओढ असते. वाटेवरील काळ्या दगडाकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. तथापि, हा दगड माणसाच्या जन्माच्याही कितीतरी आधीचा आहे.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार उसळला. त्याचे थरांवर थर साचून थिजले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाने झाकला गेला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेली द्रव्ये तेथे कणाकणाने साचून गारगोटी, अकीक, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजे तयार झाली.

ही खनिजे शोधावीत कोठे? जेथे खडक उघडा पडतो तेथे! पावसाळा सरल्यावर ओढ्याचे कोरडे पात्र पाहावे. मऊ खडक झिजून जातो. कठीण गारगोटी व अकीक मागे उरतात. नवी विहीर खणताना बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगात झिओलाइटचे शुभ्र स्फटिक कधी कधी चमकताना दिसतात. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेत लाव्ह्याचे थर दुरूनही ओळखता येतात. अशा दोन थरांमध्ये क्वचित तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक झिजून झालेली ती माती होय.

सापडलेल्या खड्याची परीक्षाही सोपी आहे. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. कॅल्साइटवर लिंबाचा रस टाकल्यास बारीक फेस येतो. प्रत्येक खड्यासोबत ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवाचून खडा मुका होतो.

शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याची अनुमती घ्यावी व वडील माणसास बरोबर न्यावे. विहिरीच्या काठाशी, दगडाच्या खाणीत किंवा सुटलेल्या दरडीखाली जाऊ नये. नळदुर्गचा किल्ला आणि धाराशिवची लेणी याच काळ्या पाषाणाची आहेत. तेथील कपचीही काढू नये. मोकळा पडलेला एखादा खडा संग्रहास पुरतो. जो स्फटिक घडण्यास फार दीर्घ काळ लागला, तो हातोडीच्या एका घावाने क्षणात फुटतो आणि पुन्हा कोणासही घडवता येत नाही.