ओटा छोटा, ओव्हन नेटका!

वन रूम किचन असो की शेअरिंगचा फ्लॅट, खमंग टोस्ट आणि संडे स्पेशल केकची हौस सगळ्यांनाच असते. पण ओटीजी घेताना लिटरच्या आकड्याला भुलू नका. आधी ओटा मोजा, मग प्लग पॉइंट बघा आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढा!

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्यांच्या किचनचा सीन साधारण एकच असतो. चार-पाच फुटांचा ओटा. त्याच्या एका टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला गॅस. मधे उरलेल्या दोन-अडीच फुटांत मिक्सर, पाण्याची केटल, चहा-साखरेचे डबे आणि धुतलेली भांडी. आता याच जागेत तुम्हाला ओव्हन ठेवायचाय. जमेल? नक्की जमेल. फक्त खरेदीचा क्रम उलटा करायला हवा. आपण जनरली आधी मॉडेल पसंत करतो आणि घरी आणल्यावर जागा शोधतो. मग तो ओव्हन खोक्यासकट माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईतच त्याचं दर्शन घडतं!

आधी ठरवा, खाणार काय?

ओटीजी म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर. आत वर-खाली तापणारे रॉड आणि पुढे काचेचं दार, एवढाच मामला. मायक्रोवेव्ह पदार्थातल्या पाण्याला हलवून तो गरम करतो, त्यामुळे कालचा डाळ-भात दोन मिनिटांत तयार. पण साध्या मायक्रोवेव्हमध्ये पाव कुरकुरीत होत नाही, उलट मऊ पडतो. खरपूस रंग आणि कुरकुरीतपणा हवा तर कोरडी, कडक आच लागते आणि ती ओटीजीत मिळते.

रोज सकाळी फक्त दोन स्लाइस भाजायचे असतील, तर साधा पॉप-अप टोस्टर बरा. जागाही कमी घेतो आणि काम दोन-तीन मिनिटांत होतं. फ्राइज, नगेट्स, टिक्की यावरच जीव असेल, तर एअर फ्रायर आहे. तोही खरं तर जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हनच! पण त्याच्या बास्केटमध्ये पिझ्झा पसरत नाही आणि केकचा टिनही जेमतेम बसतो. चीज टोस्ट, पिझ्झा, पनीर टिक्का, नानकटाई आणि महिन्यातून दोनदा केक अशी तुमची यादी असेल, तर ओटीजीला पर्याय नाही. आणि डाळ-भात गरम करणं हीच रोजची गरज असेल, तर मात्र मायक्रोवेव्हच घ्या.

टेप घ्या, मापं काढा

खोक्यावरचे लिटर आतल्या जागेचे असतात. ओट्यावर जागा अडवते ती बाहेरची बॉडी. म्हणून लांबी, खोली आणि उंची ही बाहेरची मापं बघा. त्यात मागे, दोन्ही बाजूंना आणि वर किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा मिळवा. कंपनीच्या माहितीपत्रकात जास्त सांगितली असेल, तर तेवढी सोडा. चालू ओटीजीची बाहेरची बाजूही चांगलीच तापते. त्यामुळे वर लॅमिनेटचं कपाट अगदी टेकलेलं नको आणि शेजारी गॅसची रबरी नळी तर नकोच नको. फ्रिजच्या डोक्यावर ठेवण्याची आयडियाही डोक्यातून काढून टाका.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ओटीजीचं दार खाली उघडतं. समोर उभं राहून गरम ट्रे ओढायला आणि तो लगेच टेकवायला जागा लागते. ट्रे हातात धरून ‘आता कुठे ठेवू?’ असं ओरडायची वेळ यायला नको!

किती लिटर पुरेल?

एकट्यासाठी ९-१० लिटर ठीक. दोन-चार टोस्ट, एक छोटा पिझ्झा आणि सहा इंची टिनमधला केक आरामात होतो. दोघं-तिघं असाल, तर १६ ते २० लिटर. यात सात-आठ इंची टिन बसतो. टिनच्या चारही बाजूंनी इंचभर हवा खेळली पाहिजे, नाहीतर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. त्यावरचे साइज छोट्या किचनमध्ये कशाला?

अगदी छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ येतो. केक वरून लाल आणि आतून पिठूळ, ही तक्रार त्यामुळेच. उपाय सोपा आहे. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावा आणि वरचा रंग आला की टिनवर फॉइल टाका. मात्र ते रॉडला चिकटू देऊ नका.

प्लगचं काय?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, विशेषतः भाड्याच्या घरात. छोटे ओटीजी साधारण ८०० ते १३०० वॅटचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा छोटा सॉकेट जास्तीत जास्त १३८० वॅट झेलतो, तेही वायरिंग ठणठणीत असेल तर. म्हणून जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट असलेला उत्तम. तो नसेल, तर घरमालकांशी बोलून इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. कन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन बोर्डची जुगाडगिरी इथे चालणार नाही. अर्धा-पाऊण तास सलग लोड आला की ढिल्या पिना तापतात, प्लास्टिक वितळतं आणि मग आगीचा धोका. ओटीजीची बॉडी धातूची असते, त्यामुळे अर्थिंगही हवंच.

आणि १२०० वॅटचा ओटीजी व १५०० वॅटची केटल एकाच बोर्डवर एकदम लावू नका. दोन्ही मिळून २७०० वॅट होतात!

बिलाची काळजी वाटतेय? १२०० वॅटचा ओटीजी अर्धा तास सलग तापला, तर ०.६ युनिट जळतं. हवं ते तापमान गाठलं की थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करत राहतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

कामाचं काय, शोभेचं काय?

तापमानाचं बटण हवंच. काही अगदी छोट्या मॉडेल्सना फक्त टायमर असतो. ते टोस्टला ठीक, केकला नाही. वरचा, खालचा आणि दोन्ही रॉड असे तीन पर्याय देणारं बटण हवं. टायमर संपल्यावर ओव्हन आपोआप बंद व्हायला हवा. खाली सरकवून काढता येणारा क्रम ट्रे असेल, तर पावाचा चुरा झटपट साफ होतो.

आत पंखा असेल, म्हणजे कन्व्हेक्शन, तर बिस्किटं एकसारखी भाजतात. तेव्हा तापमान २० अंशांनी कमी ठेवा. गोल फिरणारी सळई मात्र दहा लिटरच्या ओव्हनमध्ये निव्वळ शोभेची. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

घरी आणल्यावर

- पहिल्यांदा रिकामाच १०-१५ मिनिटं चालवा आणि खिडकी उघडी ठेवा. थोडा धूर आणि वास येतो, घाबरू नका.
- प्रत्येक बेकिंगआधी १० मिनिटं प्रीहीट करा.
- तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवू नका, तडा जाऊ शकतो.
- प्लास्टिकचे डबे आत नकोत. अॅल्युमिनियमचे टिन चालतात. पुण्यात तुळशीबागेत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास ते सहज मिळतील. पण जाताना ओव्हनचं आतलं माप लिहून न्या.

लगेच केकवर उडी मारू नका. सुरुवातीला शेंगदाणे भाजा, १६० अंशांवर १५ मिनिटं, मधूनमधून हलवत. मग वांग्याला टोचे मारून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर ४० मिनिटं ठेवा. गॅसवरच्या वांग्याचा धुरकट स्वाद येणार नाही हे खरं, पण बर्नर घासत बसावं लागणार नाही! एवढ्यात तुमच्या ओव्हनचा स्वभाव कळेल, कुठला कोपरा जास्त तापतो हेही समजेल. मग रविवारी नानकटाईचा घाट घाला आणि सोमवारी डबा भरून ऑफिसला न्या.